पाण्याकडे पाठ

१

गेल्या ऑगस्टपर्यंत दर मंगळवारी सकाळी मी टाक्यावर जायचे. पिकअपमध्ये एक खोका बॅटऱ्यांचा, एक डबा मेमरी कार्डांचा आणि थर्मासभर कॉफी. आमच्या ट्रेलरच्या घरापासून दोन मैल वर, जुनिपरच्या झाडांत, बापाने खणलेलं मातीचं टाकं आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपाने त्यात पडतं. भोवती अकरा मैलांत दुसरं पाणी नाही, म्हणून अख्ख्या डोंगरातली जनावरं तिथे येतात, आणि म्हणून कॅमेरेही.

सव्वीस होते. अकरा माझ्या भावाचे, डेलचे. तो बाहेरगावच्या लोकांना एल्कच्या, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या सांबराच्या, शिकारीला नेतो. बाकी पंधरा इतर वाटाड्यांचे. एकेका झाडाला तीन-तीन बांधलेले, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. समोरून काहीही हललं की खटकन फोटो. काही कॅमेरे फोटो थेट फोनवर पाठवतात, बाकीच्यांची कार्डं मी बदलायची. मी सहावीत शाळा सोडली ती बापाच्या तळावर शिकाऱ्यांसाठी बीन्स शिजवायला. त्या मानाने हे काम हलकं.

बापाचा एक नियम होता. टाक्यावर गेलं, कॅन भरला, की पाण्याकडे पाठ करून बसायचं. एक सिगारेट संपेपर्यंत. मगच निघायचं. मी लहान असताना विचारलं होतं, कशाला?

"आपलं पिऊन झालं ना? मग दुसऱ्याला पिऊ दे. कुणी टक लावून बघत बसलं तर तुझ्या घशाखाली घोट उतरेल का?"

दुसरा म्हणजे हरणं, असं मी समजले. पाण्यापासून पाव मैलात मुक्काम करायचा नाही असा आमच्याकडे कायदाच आहे, तो जनावरांसाठीच. बाप जाऊन नऊ वर्षं झाली. तो होता तोवर मीही पाठ करून बसायचे. मग कॅमेरे आले आणि सव्वीस कार्डं बदलण्यात ते राहूनच गेलं.

२

जुलैच्या शेवटच्या मंगळवारी कार्डं घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बघत बसले. मोठा नर दिसला की वेळ कागदावर लिहायची, एवढंच माझं काम. डेल समोर अंडी खात होता.

दुपारी बाराचे फोटो. बारा एल्क, चार हरणं पाण्याच्या काठाला. खाली मान घातलेलं एकही नाही. सगळी उभी, माना वर, कान पुढे, आणि कॅमेऱ्याच्या मागे बघत असलेली.

मी पुढचं कार्ड लावलं, समोरच्या बाजूचं. तीच वेळ, तीच जनावरं. आता पहिला कॅमेरा ज्या झाडावर होता तिकडे बघताना दिसत होती. त्या झाडामागे काही नव्हतं. झुडपं, दगड, ऊन.

"डेल, हे बघ."

"नर आहे?"

"नाही. पाणी पीत नाहीयेत."

"डोंगरी सिंह असेल झाडीत."

"सिंह असता तर धूम ठोकली असती. ही उभी आहेत. पाहुणा यायचाय म्हणून ताटं वाढून लोक थांबतात, तशी."

डेलने पावाने बशी पुसली. "नेड, तू मला मोठा नर किती वाजता येतो ते सांग. जनावरांच्या मनात काय आहे ते नको वाचून दाखवूस."

मी चिडून सगळी कार्डं बघितली. आठवडाभर तेच. रोज बारा ते एक, सगळी जनावरं नुसती उभी. एक वाजून गेल्यावर घाईघाईने दोन घोट पिऊन पळायची. आणि मधूनमधून रिकामे फोटो. पाणी, चिखल, समोर काहीच नाही. कॅमेरा उगाच फोटो काढत नाही. काहीतरी हलावं लागतं. वाऱ्याने फांदी हलली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग त्या दिवसांची हवा आठवली. पान हलत नव्हतं.

३

त्याच आठवड्यात आर्डिसच्या पेट्रोल पंपावर मोठं भांडण झालं. पुढच्या गुरुवारी दुपारी दोन वाजता अग्निशामक केंद्राच्या हॉलमध्ये सुनावणी होती: पाण्यापासून पाव मैलात शिकारीचे कॅमेरे ठेवायला बंदी करावी की नाही. आर्डिसने गल्ल्याशेजारी दोन वह्या ठेवल्या होत्या, एक बंदी हवी म्हणणाऱ्यांच्या सह्यांची, एक नको म्हणणाऱ्यांची. तिला दोन्हीकडची गिऱ्हाइकं हवी असतात.

कॉय लॅमरो हॉट डॉग खात उभा होता. सत्तरीचा, अजून धनुष्याने शिकार करणारा म्हातारा.

"अरे डेल, यंदा तू डोंगरात जाणार आहेस, की एल्कच घरी मागवणार आहेस?"

"म्हाताऱ्या, तुझा बाण गेल्या चार वर्षांत एका ससाण्याच्या घरट्याला लागलाय. मला नको शिकवूस."

"लागला नाही तरी मी तिथे असतो. तू कुठे असतोस? खुर्चीत. बोटाने नर निवडतोस, पंचतारांकित हॉटेलात जेवण निवडावं तसा. जनावराला एक जागा ठेवली नाहीत रे तुम्ही, जिथे त्याला कुणी बघत नाही."

"त्याला काय लाज वाटते?"

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता थांबले.

गाडीत बसल्यावर डेल म्हणाला, "गुरुवारी तू बोल. बंदी झाली तर माझी चारही गिऱ्हाइकं जातील आणि मी पुन्हा खाणीत. मी बोललो की लोक जांभया देतात. तू तोंड उघडलंस की हॉल गप्प होतो."

"मला भाषणं येत नाहीत."

"भाषण नको. नुसती ओरड."

मी हो म्हणाले. माझा धाकटा भाऊ आहे. खाणीतून आला होता तेव्हा दोन वर्षं खोकत होता. त्याला पुन्हा तिथे जाऊ देणार नव्हते मी.

४

घरातलं पाणी कमी व्हायला लागलं ते मला आधी कळलंच नाही. कूलरखाली मी बादली ठेवते. दुपारपर्यंत ती भरते, मग मी ती टोमॅटोंना घालते. शुक्रवारी दुपारी बादली कोरडी. शनिवारी कोरडी. रविवारी मी सिंकमधलं भांडं भरून ठेवलं, कपडे वाळत घालून आले, भांडं रिकामं. ओलसुद्धा नाही. पुसून ठेवल्यासारखं.

पाइप फुटला असेल म्हणून मी ट्रेलरखाली पोटावर सरपटत गेले. कोळिष्टकं आणि कोरडी धूळ. टाकीचा मीटर बरोबर. भांड्याला चीर नाही. मी विज्ञान शिकलेली नाही, पण पाणी कुठे जातं ते मला माहीत आहे: खाली जातं, वर उडतं, नाहीतर कुणीतरी पितं.

सोमवारी दुपारी टर्निप गेला. आमचा कुत्रा, चौदा वर्षांचा. पायरीच्या सावलीत पडलेला, शेजारी रिकामी वाटी. त्याला उचलायला वाकले आणि तोल जाऊन मागे पडले, कारण त्याला वजनच नव्हतं. जुनी टोपी उचलावी तसा उचलला गेला. कातडी कडक, जीभ लाकडासारखी. सकाळी माझ्या हातून बेकन खाल्लं होतं त्याने.

"म्हातारा होता, नेड," डेल म्हणाला. तो खड्डा खणत होता.

"म्हातारं कुत्रं मरतं. वाळत नाही."

डेलने फावडं जमिनीत रोवलं. "कुणीतरी मुद्दाम करतंय. सुनावणी आहे गुरुवारी. मला घाबरवायचंय कुणाला तरी. पकडतो थांब."

त्याने गाडीतून तीन कॅमेरे आणले. एक सिंकसमोर, एक कूलरच्या बादलीसमोर, एक अंगणातल्या नळासमोर.

५

मंगळवारी बादली भरलेली. सिंकमधलं भांडं काठोकाठ. डेल खूश. "बघ! कॅमेरा दिसला की चोर पळाला. आता बोल, कॅमेरे वाईट?"

त्या मंगळवारी मी टाक्यावर गेले नाही. अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं. खरं कारण मलाच माहीत नव्हतं.

बुधवारी दुपारी मी दूध आणायला आर्डिसकडे गेले होते. परत आले तेव्हा पाऊण वाजून गेला होता. डेल पुढच्या खोलीत आरामखुर्चीत झोपला होता, रोज झोपतो तसा, तोंड उघडं टाकून. मी हाक मारली. उठला नाही. जवळ गेले. ओठ फुटून पांढरे झाले होते, कडांना रक्त सुकलेलं. डोळ्यांखाली खड्डे. हात धरला तर कातडीची चिमट उठली ती तशीच राहिली.

मी त्याच्या तोंडात पाणी ओतलं. आधी ते बाहेर वाहिलं, मग त्याने गिळायला सुरुवात केली, आणि अकरा ग्लास प्याला. मी मोजले. बाराव्याला बोलला.

"स्वप्नात कुणीतरी माझ्या तोंडाशी वाकलं होतं."

"कोण?"

"मी डोळे उघडले नाहीत. उघडायचे नव्हते मला."

दवाखान्यातली नर्स म्हणाली, ऊन लागलंय, मीठ-साखर द्या. मी मान डोलावली. घरी येऊन सिंकचा कॅमेरा काढला आणि फोटो बघितले. बारा दहा: रिकामं स्वयंपाकघर. बारा बारा: रिकामं स्वयंपाकघर. बारा पस्तीस: रिकामं स्वयंपाकघर. काहीतरी आलं होतं, भरलेल्या भांड्यासमोर थांबलं होतं, भांड्याला शिवलं नव्हतं, आणि पुढच्या खोलीत गेलं होतं. पुढच्या खोलीत कॅमेरा नव्हता.

मी तिथेच उभी राहिले, हातात कॅमेरा. बापाचे शब्द कानात वाजले. कुणी टक लावून बघत बसलं तर घशाखाली घोट उतरेल का? टाक्यावर सव्वीस कॅमेरे, दिवसरात्र. महिनोन् महिने. म्हणून ते खाली आमच्याकडे आलं. आणि मग डेलने इथेही कॅमेरे लावले.

मूर्खपणा आहे, असं मन म्हणालं. मी मनाला म्हणाले, तू टर्निपला उचललं नव्हतंस.

तिन्ही कॅमेरे काढून पोत्यात घातले आणि डेलसमोर उभी राहिले.

"टाक्यावरचेही उतरव. आज."

"वेडी झालीस? पंधरा दुसऱ्यांचे आहेत. हंगाम तीन आठवड्यांवर आलाय. आणि उद्या सुनावणीत तू काय सांगणार, आमच्या घरी तहानलेलं भूत येतं?"

"भूत मी म्हटलं नाही."

"मग काय आहे?"

"मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचं नाही. त्याला तहान लागलीय, एवढं मला पुरे."

डेलने फुटक्या ओठांनी हसायचा प्रयत्न केला. "उद्या दोन वाजता हॉलमध्ये ये. माझ्यासाठी. मग बघू."

मी आठ ग्लास पाणी भरून त्याच्या खुर्चीभोवती ठेवले. मग सगळी भांडी भरून पायरीवर मांडली आणि दार लावून त्याच्या उशाशी बसून राहिले. सकाळी भांडी कोरडी होती. पायरीवरची सगळी.

पण ती पुरली नव्हती, आणि आता ते दुपारची वाटही बघत नव्हतं. डेलचे ओठ पुन्हा फुटले होते. मी पहाटे पाचला घटकाभर डोळे मिटले होते, तेवढ्यात.

६

गुरुवारी डेल साडेअकराला निघाला. पुढे जाऊन माणसं गोळा करायची होती. "तू मागून ये," म्हणाला. मी हो म्हणाले. भावाशी खोटं बोलायची माझी ती दुसरी वेळ. पहिली मंगळवारची, कणकणीची.

टाक्यावर पोहोचले तेव्हा बारा वाजायला आले होते. एवढी जनावरं मी तिथे कधी पाहिली नव्हती. एल्क, हरणं, कोल्हे, ससे, शेजारी शेजारी. मला बघूनही हलली नाहीत. कितीतरी जनावरांच्या फासळ्या दिसत होत्या.

मी कात्री काढली आणि पट्टे कापायला सुरुवात केली. एकेक कॅमेरा खाली पडत होता, मी पोत्यात टाकत होते. मोठ्याने मोजत होते. उद्या पंधरा वाटाडे माझ्या दारात येतील. येऊ देत. मी त्यांना कॉफी देईन आणि तोंडही देईन. तेवीस. चोवीस. पंचवीस. शेवटचा जरा उंच होता, पिकअपच्या टपावर चढून काढला. सव्वीस. पोतं झाकून पिकअपच्या हौद्यात ढकललं, फोन गाडीतच ठेवला.

मग पाण्याकडे पाठ करून जमिनीवर बसले. बाप बसायचा त्याच दगडापाशी. आर्डिसकडून आणलेलं सिगारेटचं पाकीट काढलं. मी ओढत नाही. एक पेटवली.

आधी जनावरं हलली. मला वाटलं, पाण्याकडे जातील. नाही. एकेक करून वळली. डावीकडे हातभर अंतरावर एक हरिणी येऊन उभी राहिली, माझ्यासारखीच, पाण्याकडे पाठ. तिच्या पाठीवरची कातडी थरारत होती. पलीकडे एल्क. त्यापलीकडे कोल्हा. सगळ्यांची तोंडं बाहेर.

मागे चिखलात पाय पडल्यासारखा आवाज झाला. एकच पाय. मग बराच वेळ काही नाही. मग पिण्याचा आवाज.

कुत्रा जिभेने पितो, घोडा ओढून पितो, ते मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. हे अखंड होतं. मध्ये श्वास नाही. मोरीत पाणी ओढलं जातं तसं, एका धारेत, थांबणं नाही. सिगारेट संपली. आवाज चालूच. दुसरी पेटवली. तीही संपली. हरिणी हलली नाही, मी हलले नाही. मी डेलचं नाव मनात घेत होते, फक्त नाव, पुन्हा पुन्हा.

ऊन पाठीमागून येत होतं. माझी सावली माझ्यापुढे पडली होती, लहान, गुडघ्यांपर्यंत. तिसऱ्या सिगारेटच्या अर्ध्यात आवाज थांबला, आणि माझ्या सावलीच्या डोक्यावरून दुसरी सावली पुढे आली. मी डोळे मिटले. मानेवर थंडगार, ओलसर हवा लागली. ऑगस्टच्या दुपारी. मी म्हणाले, "पोटभर पी. आम्ही बघत नाही."

पुन्हा आवाज सुरू झाला. चौथी सिगारेट मी पेटवलीच नाही, नुसती धरून बसले.

आवाज संपला तेव्हा जनावरं वळली आणि प्यायला धावली. मी उठले, मागे न बघता गाडीत बसले आणि निघाले. मागचं दाखवणाऱ्या आरशावर टोपी टांगली होती मी. आधीच.

७

डेल संध्याकाळी पाचला आला. दारातच उभा राहिला. मी ओरडा ऐकायची तयारी करून बसले होते, पोतं टेबलावर ठेवून.

"सव्वीस आहेत," मी म्हणाले. "मोजून घे. सांगायचं ते सांग."

"सत्तावीस होते," तो म्हणाला.

"मोठ्या जुनिपरच्या शेंड्याला एक लपवलेला होता. कार्डं चोरणाऱ्यांसाठी. काही वाटाडे लावतात." त्याचा आवाज कुजबुजीएवढा होता. "तुलाही सांगितलं नव्हतं."

काही वाटाडे असा कॅमेरा लावतात, हे मला माहीत होतं. माझा भाऊ वाटाड्या आहे हेच मी विसरले होते.

"तू आली नाहीस, म्हणून हॉलमध्ये माझं नाव पुकारलं. मी उठलो. खिशात फोन वाजला. डोंगरातून फोटो पोचायला दीड-दोन तास लागतात." त्याने खुर्ची ओढली आणि बसला. "सगळे बघत होते. मला वाटलं, तू असशील."

"मग काय बोललास?"

"म्हणालो, उतरवा. सगळे उतरवा. आणि बाहेर आलो. कॉय माझ्यामागे धावत आला, मला मिठी मारायला. मी त्याला ढकललं."

"निकाल?"

"पुढच्या महिन्यात पुन्हा सुनावणी."

"मी जाणार. मी बोलणार," मी म्हणाले. "ओरडणार."

त्याने मान हलवली. मग फोन काढला, टेबलावर ठेवला आणि फोटो उघडला. वरून काढलेला. टाकं, त्याच्या काठाशी बसलेली मी, माझी पाठ, सिगारेटचा धूर. हरिणी, एल्क, कोल्हा, सगळ्यांच्या पाठी. आणि मध्ये पाण्याच्या जागी डेलचा अंगठा, स्क्रीनवर दाबून धरलेला.

"अंगठा काढ."

"नाही."

"डेल."

"ते दिसतंय, नेड. ह्या फोटोत. आणि पीत नाहीये." त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते, अंगठ्याकडे होते. "ते वर बघतंय. झाडाकडे."

मी फोन घेतला नाही. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना काय दिसत होतं ते मी पाहिलं, आणि ते कुणाला सांगणार नाही. डेलला तिथेच सगळे फोटो पुसायला लावले. दुसऱ्या दिवशी तो झाडावर चढला आणि सत्ताविसावा उतरवला, डोळे मिटून, मी खालून सांगत होते पाय कुठे ठेवायचा ते. टाक्याचं पाणी दोन हात खाली गेलं होतं.

पंधरा वाटाडे आले, शिव्या देऊन गेले. दोघे परत कॅमेरे लावायला वर निघाले. मी टाक्याच्या वाटेवर त्यांच्या गाडीपुढे माझी पिकअप आडवी घातली आणि सुनावणीपर्यंत तिथेच ठेवली. सुनावणीत मी पाच मिनिटं बोलले. हॉल गप्प होता. बंदी झाली, सहा विरुद्ध तीन. डेलला आर्डिसने पंपावर काम दिलं. खाण टळली.

पण झाडावरचा डोळा त्याने पाहिला होता, आणि ते अजून आमच्याच दारी येतं. रोज दुपारी बारा वाजता मी सगळी भांडी भरून पायरीवर मांडते. मग डेल आणि मी आत, दाराकडे पाठ करून बसतो. मी त्याचा हात धरते. सिगारेट आता मला ओढता येते. आवाज थांबला की मी सर्वात आधी वळते ती पायरीकडे नाही, डेलच्या ओठांकडे.